जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायचंय? आरसीपासून घाटातल्या टेस्टपर्यंत सगळं

गोव्यात फोंड्यापासून वाळपईपर्यंत कुठल्याही जुन्या गॅरेजात विचारा, "पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसेल का", उत्तर एकच येतं, बसतं की, त्यात काय. आणि खरंच बसतं. चेन कप्पीला लटकवलं, खाली सोडलं, चार नट आवळले, झालं. पण त्यानंतर गाडी सहा महिने गॅरेजच्या मागे शेवाळ धरत उभी राहते, कारण रेडिएटर पुरत नाही, क्लच सुटत नाही, प्रोपेलर शाफ्ट थरथरतो, आणि आरटीओत गेल्यावर कळतं की कागदावर गाडी अजून पेट्रोलचीच आहे. म्हणून इथे मी इंजिनापेक्षा इंजिनाच्या आजूबाजूबद्दल जास्त लिहिणार आहे, पैसे आणि वेळ दोन्ही तिथेच जातात.

उदाहरण म्हणून महिंद्राची सीजे-३बी घेतो, गोव्यात जुन्यातली हीच जास्त दिसते. उंच बॉनेटवाली. ते बॉनेट उंच आहे कारण मूळ अमेरिकन कंपनी विलिसनं १९५३ मध्ये या गाडीत हरिकेन नावाचं पेट्रोल इंजिन टाकलं, त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये असल्यामुळे इंजिन आधीच्यापेक्षा उंच झालं आणि बॉनेट वर उचलावं लागलं. आपला फायदा असा की तीच उंची आज डिझेल इंजिनाला कामी येते, सपाट बॉनेटच्या त्याआधीच्या जीपमध्ये हेच काम जास्त कटकटीचं.

आधी मनाशी ठरवा, डिझेल कशाला पाहिजे

"डिझेलला टॉर्क जास्त" हे सगळे बोलतात, पण आकडे बघा. हरिकेन २१९९ सीसी, साधारण ७२ ते ७५ हॉर्सपॉवर, आणि खालच्या आरपीएमला बऱ्यापैकी ओढणारं इंजिन आहे. महिंद्राच्या एमएम ५४० मध्ये आलेलं प्युजोचं एक्सडीपी ४.९० हे २११२ सीसीचं डिझेल ६२ च्या आसपास, आणि टॉर्कमध्येही ते त्या जुन्या पेट्रोलच्या पुढे नाही. म्हणजे गाडी रॉकेट होईल या आशेनं करत असाल तर थांबा.

मग मिळतं काय? अ‍ॅव्हरेज चांगलंच वाढतं. कॉइल, डिस्ट्रिब्युटर, प्लग नाहीत, त्यामुळे पावसात आणि ओहोळातून जाताना गाडी मिसफायर होत नाही. स्पेअर पार्ट बेळगाव-कोल्हापुरात सहज मिळतात, आणि आपल्याकडे खाणींच्या ट्रकांमुळे डिचोली, उसगाव, सावर्डे, कुडचडे या पट्ट्यात डिझेल पंपाचे आणि लेथचे चांगले कारागीर आहेत. हे तीन फायदे पुरेसे वाटत असतील तरच पुढे वाचा. फक्त इंधनाचे पैसे वाचवायला म्हणून करायचं असेल तर नका करू, रविवारी फिरवायच्या गाडीत हा खर्च कधीच वसूल होत नाही.

कागद

हे सगळ्यात आधी, इंजिन बघायला जायच्याही आधी. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा आरसीवरचे तपशील वेगळे पडतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं यावर कडक निकाल दिल्यापासून आरटीओवालेही सावध असतात. आरसीवर इंजिन नंबर आणि फ्यूल दोन्ही छापलेलं असतं. म्हणून इंजिन बदलायचं तर आधी आरटीओत लेखी अर्ज, परवानगी हातात, मग काम, मग इन्स्पेक्शन आणि आरसीवर नोंद. पेट्रोलची डिझेल करायला परवानगी मिळेलच असं धरून चालू नका. तोंडी "होतं ओ, करून आणा" हे कुणीही म्हटलं तरी त्यावर इंजिन विकत घेऊ नका.

माझं स्पष्ट मत सांगतो, गाडी अजून घ्यायचीच असेल तर जिच्या आरसीवर आधीच डिझेल लिहिलंय अशीच जीप शोधा. ऐंशी-नव्वदच्या दशकात कित्येक पेट्रोल जीपा बदलून रीतसर नोंद करून घेतलेल्या आहेत, आणि कंपनीनं नंतर स्वतःही याच बांध्याच्या डिझेल जीप काढल्या. अशी गाडी दहा-वीस हजार महाग पडली तरी स्वस्त समजा.

आणखी एक गोष्ट जिच्याकडे लोक लक्ष देत नाहीत. २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा बदल केला की तो दरवाजा बंद. तुमची जीप साठच्या दशकातली असेल, इंजिन नंबर मूळचाच असेल आणि हरिकेन अजून फिरत असेल, तर तिला हात लावायच्या आधी दहा वेळा विचार करा. निदान मूळ इंजिन भंगारात तरी देऊ नका, ऑइल भरून, तोंडं बंद करून माळ्याखाली कोरड्यात ठेवा.

इंजिन घेताना विकणाऱ्याकडून बिल, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची कॉपी आणि ती स्क्रॅप झाल्याचा कागद घ्यायचाच. ब्लॉकवरचा नंबर स्वतः चोळून वाचा. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला वाटला तर फुकट दिलं तरी उचलू नका. सगळं झाल्यावर इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या दिवशी हेच इंजिन पुढे करून ते हात वर करतात.

कुठलं इंजिन

महिंद्राच्याच घरातलं घ्या. अ‍ॅम्बेसेडरवालं आयसुझू छान आणि मऊ चालतं, पण त्याला अ‍ॅडॅप्टर प्लेट (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी मधली प्लेट), वेगळं फ्लायव्हील, वेगळे ब्रॅकेट असं सगळंच बनवावं लागतं. नवं कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं इंजिन तर या कामात घेऊच नका, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर, वायरिंगचा गुंता, आणि जीप ओहोळात उतरवायची असेल तर तो सगळा गुंता पाण्यात.

राहिले दोन पर्याय. एक एमडीआय, २५२३ सीसी, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या वंशातलं. डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर फवारलं जातं, त्यामुळे गोव्याच्या हवेत हिटर प्लगशिवाय (चालू करायच्या आधी आत गरम करणारा प्लग) एका सेल्फला उठतं, कमी आरपीएमला मस्त ओढतं, आणि अर्धा मेकॅनिकही ते दुरुस्त करू शकतो. पण जड आहे, आवाज ट्रॅक्टरचा, आणि जास्त फिरवलेलं त्याला आवडत नाही. दुसरं प्युजोचं, २११२ सीसीचं एक्सडीपी किंवा नंतरचं २४९८ सीसीचं एक्सडी३पी. हे इनडायरेक्ट इंजेक्शनचं, डिझेल आधी हेडमधल्या छोट्या खोलीत पेटतं, चालायला कितीतरी गुळगुळीत, हायवेला बरं, पण सकाळी हिटर द्यावाच लागतो आणि एकदा गरम झालं की हेड पॅकिंग गेलंच समजा.

बैलासारखी हळूहळू चढणारी जीप पाहिजे, कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत), डोंगरात न्यायची आहे तर एमडीआय. पणजीला ये-जा पण करायची असेल तर प्युजो. मी स्वतः एमडीआयच्या बाजूचा आहे, कानाला त्रास झाला तरी.

आणि नुसतं इंजिन उचलू नका. इंजिन, फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेल हाउसिंग (क्लचवरचं, इंजिन-गिअरबॉक्स जोडणारं कवच), गिअरबॉक्स, सेल्फ, अल्टरनेटर, फाउंडेशन ब्रॅकेट (इंजिन चासीवर बसवायचे), अ‍ॅक्सिलरेटर लिंक, शक्य तर रेडिएटर, हे सगळं एकाच गाडीतून निघालेलं घ्या. महिंद्राची डिझेल कमांडर किंवा एमएम ५४० पूर्ण भंगारात मिळाली तर सोनं. सुटं सुटं जमवलं की सुरुवातीला स्वस्त वाटतं आणि शेवटी दुप्पट जातात.

घेताना चालू इंजिन बघा. तुम्ही पोचायच्या आधी विकणाऱ्यानं चालू करून गरम करून ठेवलेलं असेल तर हात लावून बघा आणि गार झाल्यावर परत या, थंड इंजिन एका सेल्फला उठतं का हे महत्त्वाचं. चालू असताना ऑइल टाकायचं झाकण काढा. थोडी वाफ ठीक, पण धूर भसाभसा बाहेर फेकत असेल, झाकण उलटं ठेवल्यावर उडत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे दाब पिस्टनच्या कडेनं खाली गळतोय, बोअर-पिस्टनचा खर्च धरा. डिपस्टिकवर चहाच्या रंगाचं ऑइल म्हणजे पाणी आत गेलंय. जमलं तर कॉम्प्रेशन गेज लावून घ्या, डिझेलला साधारण ३५० ते ४५० पीएसआय दिसायला हवं, आणि आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ असायला हवेत.

जुनं काढणं आणि मापं

जुनं इंजिन काढण्यात विशेष काही नाही. बॅटरी सोडा, पाणी-ऑइल काढा, बॉनेट, ग्रिल, रेडिएटर बाजूला, प्रोपेलर शाफ्टच्या जोडावर पंचनं खूण करा म्हणजे परत त्याच जागी बसेल, आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. पण इंजिन उचलायच्या आधी तीन मापं वहीत लिहा. क्रँक पुलीच्या मध्यापासून चासीच्या वरच्या कडेपर्यंत उंची, बेल हाउसिंगच्या तोंडापासून रेडिएटरपर्यंत अंतर, आणि गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत अंतर. जुनं बाहेर गेल्यावर ही मापं कुठूनच मिळत नाहीत.

नवं इंजिन थेट बसवू नका. रिकामा ब्लॉक, त्याला हेड, चेंबर, मॅनिफोल्ड आणि पंपाची खोकी लावून आधी नुसता ठेवून बघा. बघायचं काय? पुढचा एक्सल पूर्ण वर आला, म्हणजे गाडी खड्ड्यात आदळली, तेव्हा ऑइल चेंबर एक्सलवर आपटतं का. जॅक लावून एक्सल खरंच वर दाबून बघा, अंदाज चालत नाही. स्टेअरिंग बॉक्स आणि कॉलम उजवीकडे आहे, त्या बाजूला जे काही येतं, मॅनिफोल्ड असो की पंप, ते स्टेअरिंगला लागत नाही ना आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळतं ना. क्लच पेडलची लिंक कुठून जाणार. आणि फिल्टर बदलायला हात आत जाणार का, हे कुणीच बघत नाही आणि मग प्रत्येक सर्व्हिसला शिव्या घालतात.

गिअरबॉक्सचा जोड

पूर्ण सेट घेतला असेल तर हा भाग जवळपास सुटतो, कारण इंजिन आणि गिअरबॉक्स आधीपासून एकमेकांचेच आहेत. पण मग गिअरबॉक्स लांब असल्यामुळे ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) मागे सरकते. सीजे-३बी चा व्हीलबेस फक्त ८० इंच, एमएम ५४० चा ९१, म्हणजे मागचा प्रोपेलर शाफ्ट अगदी आखूड होतो आणि त्याचा कोन वाढतो, पुढचा मात्र लांब करावा लागतो. शाफ्ट कापून वेल्ड करणं हे कोपऱ्यावरच्या वेल्डरचं काम नव्हे, लेथवर सरळ धरून, दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेवून, आणि नंतर बॅलन्सिंग करून घ्यायचं. स्प्लाइनमध्ये दोन्ही बाजूंना सरकायला जागा ठेवा, साधारण एक-एक इंच, नाहीतर पाटे दबले की शाफ्ट गिअरबॉक्सला ठोसा मारतो.

जुनाच तीन गिअरचा बॉक्स ठेवून अ‍ॅडॅप्टर प्लेट करणार असाल तर मात्र लेथवाल्याकडे तुमचं भविष्य आहे. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम नीट करणारे मिळतात, चोर्ला घाट चढून जायचा कंटाळा करू नका. प्लेट बनली की बेल हाउसिंग इंजिनला आवळून, फ्लायव्हीलवर डायल गेज बसवून, क्रँक हातानं फिरवत मागच्या गोल भोकाचा रनआउट, म्हणजे मध्यापासून किती सरकलंय ते बघायचं. ५ थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत पाहिजे. जास्त आला तर डाउएल पिन सरकवून परत. "डोळ्यानं बरोबर दिसतंय" म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजून घरी पाठवा, कारण हा जोड दहा-पंधरा थाऊ वाकडा राहिला तर गिअर सुटून येतो, पायलट बेअरिंग ओरडतं, आणि इनपुट शाफ्टचं बेअरिंग दर पावसाळ्याला बदलावं लागतं. सोबत क्लच प्लेटचे दाते इनपुट शाफ्टवर हातानं सरकतात का, पायलट बेअरिंगमध्ये शाफ्टचं टोक खोलवर बसतं का, रिलीज बेअरिंगला प्रेशर प्लेटपर्यंत पूर्ण चाल मिळते का, आणि सेल्फचं पिनियन रिंग गिअरमध्ये नीट शिरतं का, हे सगळं इंजिन बाहेर जमिनीवर असतानाच तपासा.

फाउंडेशन

डिझेल बंद-चालू होताना जो झटका देतं तो पेट्रोलवाल्या चासीला माहीतच नाही. म्हणून रबरी फाउंडेशनच, आणि ती कमांडरची मिळतात तीच. लोखंडी ब्रॅकेट थेट चासीला वेल्ड करून इंजिन घट्ट बसवलेल्या जीप मी बघितल्यात, वर्षभरात वेल्डच्या कडेनं चासीला केसासारखी चीर जाते आणि गंजलेल्या लाल चिखलाखाली ती दिसतही नाही. ब्रॅकेटच्या मागे ५-६ मिमीची प्लेट द्या, वेल्ड आडवा चासीभर मारू नका, शक्य तिथे बोल्ट वापरा आणि बोल्ट चासीच्या पोकळ भागातून जात असेल तर आत पाइपचा तुकडा घाला, म्हणजे आवळताना चासी चेपणार नाही. इंजिन मागच्या बाजूला तीनेक अंश खाली झुकलेलं ठेवा आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट व मागचं पिनियन एकमेकांना समांतर येतात का ते कोनमापकानं बघा. आधी टॅक (वेल्डचे नुसते ठिपके) मारा, सगळं मोजा, मगच पक्कं वेल्डिंग. आणि वेल्डिंगआधी बॅटरी-अल्टरनेटरच्या वायरी सोडा.

एमडीआयच्या वजनानं गाडीचं नाक बसतं, पुढच्या पाट्यांत एक पाटा वाढवावा लागेल. ब्रेक तर चारही ड्रमच आहेत, ते पूर्ण उघडून नवीन लायनर, नवीन सिलिंडर, याच खर्चात धरा.

क्राउन-पिनियन, हा हिशोब करा बाबांनो

क्राउन-पिनियन म्हणजे डिफरन्शियलमधली गिअरची जोडी, तिच्यावर एक्सल रेशो ठरतो. पेट्रोल सीजेचं हे रेशो ५.३८ असतं, म्हणजे चाक एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्ट ५.३८ वेळा फिरतो. डिझेल हळू फिरतं, त्यामुळे हेच रेशो ठेवलं तर हायवेला इंजिन बोंबलत राहतं. ६.००-१६ चा टायर एका फेरीत साधारण २.२ मीटर जातो असं धरून, टॉप गिअरला २५०० आरपीएमवर स्पीड काढला तर ५.३८ ला ६१ किमी, ४.८८ ला ६८, ४.२७ ला ७७ आणि ३.७३ ला ८८ पडतो. यावरून तुमचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर एमडीआय आणि तीन-चार गिअरच्या बॉक्सला ४.२७ ठीक बसतं, डोंगरातही ओढतं आणि फोंडा-पणजी रस्त्याला मागचे हॉर्नही मारत नाहीत. ३.७३ घातलं तर चढावर सारखा गिअर खाली आणावा लागतो.

भंगारातून क्राउन-पिनियन घेताना दुकानदार काय सांगतो त्यावर न जाता दाते मोजा. ४३ आणि ८ म्हणजे ५.३८, ३९ आणि ८ म्हणजे ४.८८, ४७ आणि ११ म्हणजे ४.२७, ४१ आणि ११ म्हणजे ३.७३. आणि पुढचं व मागचं दोन्ही एक्सल एकाच रेशोचे पाहिजेत. फक्त मागचं बदलून फोर बाय फोर टाकलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात, चिखलात कळत नाही पण कडक रस्त्यावर ट्रान्सफर केसचा चुराडा होतो.

पाणी, म्हणजे कूलिंग

जुना पेट्रोलचा रेडिएटर ठेवायचा मोह होतो, ठेवू नका. चार ओळींचा कोअर टाकून घ्या, फॅनला शराउड (भोवतीचं पत्र्याचं कडं) बसवा, आणि फॅनचं पातं व कोअर यात इंचभर अंतर ठेवा. शराउडशिवाय फॅन तीच गरम हवा गोल फिरवत बसतो. आपल्याकडे गॅरेजवाले इंजिन गरम होतंय म्हटलं की पहिलं काम थर्मोस्टॅट काढून फेकतात. डिझेलला तो पाहिजेच, नाहीतर इंजिन कधी नीट तापत नाही, धूर सोडतं आणि बोअर लवकर झिजतात. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी न ओतता कूलंट वापरा. आणि टेंपरेचर गेज खरा आकडा दाखवणारा बसवा, लाल दिवा पेटेपर्यंत प्युजोचं हेड वाकलेलं असतं.

डिझेल लाइन

जुनी पेट्रोलची टाकी तशीच वापरायची असेल तर आतला गंज आणि वर्षानुवर्षांचा डिंक काढावाच लागतो, कारण डिझेल तो सोडवून आणतं आणि थेट फिल्टरमध्ये नेऊन बसवतं. इथे एक जिवावरची गोष्ट, रिकामी पेट्रोल टाकी वेल्ड करू नका, रिकामी म्हणजे आत वाफ भरलेली, ठिणगी लागली की फुटते. हे काम टाकीवाल्यांकडेच द्या, किंवा नवी बनवून घ्या.

पेट्रोलला एकच लाइन होती, डिझेलला पंपाकडून आणि नोझलकडून परत येणारी रिटर्न लाइन लागते, टाकीला तिच्यासाठी वेगळं तोंड काढा. जीआयचा पाइप नको, जस्ताचं आणि डिझेलचं जमत नाही. टाकीनंतर पाणी वेगळं करणारा फिल्टर घाला, आपल्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीतून पाणी धरतं. पंप आणि नोझल गाडीत बसवायच्या आधी डिझेल पंपवाल्याकडून कॅलिब्रेशन करून घ्या, "चालतंय ना" म्हणून सोडू नका, काळ्या धुरात पीयूसी नापास व्हायचं ते यामुळेच, जुन्या डिझेल गाड्यांना स्मोक टेस्टची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट (धुराच्या काळेपणाचं माप) आहे.

वायरिंग, वायपर आणि बाकीच्या बारीक गोष्टी

जुन्या सीजेत ६ व्होल्टचं वायरिंग असेल तर सगळं काढून १२ व्होल्ट करा, बल्बसकट. बॅटरी ८० अँपिअर-अवरच्या आसपास, सेल्फची केबल जाड, आणि इंजिन ते चासी एक स्वतंत्र अर्थ पट्टा. रबरी फाउंडेशनमुळे इंजिनाला अर्थच मिळत नाही आणि लोक सेल्फ खराब म्हणून तीन सेल्फ बदलतात. प्युजोचे चार हिटर प्लग मिळून ४०-५० अँपिअर सहज ओढतात, ते चावीच्या स्विचवर न देता रिलेवरून द्या.

आता वायपर. जुन्या सीजेचे वायपर व्हॅक्यूमवर चालतात, इनटेक मॅनिफोल्डमधून पाइप येतो. डिझेलला थ्रॉटल (हवा अडवणारी झडप) नाही, म्हणजे व्हॅक्यूमही नाही, इंजिन बदललं की वायपर मेले. हे लक्षात येतं ते थेट जूनमध्ये, मिरगाच्या पहिल्या सरीला, समोर ट्रक असताना. इलेक्ट्रिक वायपर मोटर आधीच घ्या. ब्रेक बूस्टर नंतर लावणार असाल तर त्यालाही मागे व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर लागतो.

अ‍ॅक्सिलरेटरला जुनी दांडी न जोडता केबल टाका, पेडल पूर्ण दाबल्यावर पंपाचा लिव्हर पूर्ण उघडतो का आणि सोडल्यावर लगेच परत येतो का बघा. इंजिन बंद करायची स्टॉप केबल डॅशवर, हाताला पटकन येईल अशी.

हवेचा पाइप उंचावर घ्या, बॉनेटच्या वर. डिझेल पाण्यात बंद पडत नाही हे खरं, पण फिल्टरमधून पाणी आत ओढलं तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतात, पेट्रोलपेक्षा जास्त वाईट अवस्था होते. एक्सल आणि गिअरबॉक्सचे ब्रीदरही (हवा ये-जा करायची भोकं) पाइप लावून वर आणा.

पहिल्यांदा चालू करताना

ऑइल, कूलंट भरून झालं की स्टॉप केबल ओढून धरा आणि सेल्फ मारा, थांबत थांबत, ऑइल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत. मग डिझेलची हवा काढा, हँड प्रायमरनं दाबत फिल्टरचा बोल्ट ढिला, बुडबुडे संपले की आवळा, मग पंपाचा, शेवटी नोझलचे नट ढिले करून सेल्फ मारत. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात धरून बघणारे महाभाग आहेत, तो दाब कातडीतून डिझेल आत घुसवतो, हात कापायची वेळ येते.

जवळ एक सपाट फळी ठेवा. पंप अडकला किंवा ऑइल जास्त झालं तर डिझेल इंजिन स्वतःहून रेस होत सुटतं आणि चावी काढूनही थांबत नाही, तेव्हा इनटेकच्या तोंडावर फळी दाबून हवा बंद करायची. हात नाही, फळी.

चालू झालं की वीस मिनिटं आयडलवर ठेवा, गळती बघा, गार करा, परत सगळं आवळा. पहिली टेस्ट सपाट रस्त्यावर, फोंडा ते मोले जाऊन या, गेज बघत. ते ठीक असेल तर केरीहून चोर्ला चढा, दुपारच्या उन्हात, दोन माणसं आणि सामान घेऊन. काटा चढत जाऊन एका जागी थांबला तर रेडिएटर पास, चढतच राहिला तर बाजूला घ्या आणि आयडलवर चालू ठेवा, झटकन बंद करू नका. पाण्याची टेस्ट करायला दूधसागरच्या वाटेवर जायचं डोक्यात असेल तर ते अभयारण्य आहे, तिथे कुळ्याहून नोंदणी असलेल्या जीपच जातात, तुमच्या गावचा ओहोळ बघा.

पाचशे किलोमीटर झाले की ऑइल आणि दोन्ही फिल्टर बदला, प्युजो असेल तर मेकॅनिककडून हेड बोल्ट आणि टॅपेट तपासून घ्या, फाउंडेशनचे बोल्ट टॉर्क रेंचनं परत आवळा, आणि चासीवर ब्रॅकेटच्या वेल्डभोवती वायर ब्रशनं घासून चीर दिसते का ते बघा. वेल्डवर रेड ऑक्साइड आणि त्यावर पेंट मारायचा तो या तपासणीनंतर, आधी मारलात तर चीर पेंटखाली झाकली जाते.